नखाएवढा दर्या

“थयसून सगळा दिसता मा?” आबांनी विचारलं.

“दिसता.”

“मगे माका सांग, ते लायटवाले रोज नेमके खय उबे रवतत?”

मी तेव्हा जमिनीपासून चारशे किलोमीटर वर, अंतराळस्थानकाच्या एका कोपऱ्यात, भिंतीवरच्या पट्टीत पाय अडकवून तरंगत होते. घरी फोन करायची ती माझी आठवड्याची वेळ होती. इतरांच्या घरचे लोक काय काय विचारत. पृथ्वी कशी दिसते, भीती वाटते का, झोप लागते का. आमची कमांडर मार्ता, तिच्या नातवाने तर तिला देव भेटला का म्हणून विचारलं होतं. माझे वडील रघुवीर कुबल, मालवणच्या खाली माडवेळ नावाचं आमचं गाव आहे तिथले तांडेल, म्हणजे होडी चालवणाऱ्यांचे म्होरके. मुलगी आकाशात गेली याचा त्यांनी एवढाच उपयोग शोधून काढला होता.

“आबा, मी काय पोलीस?”

“पोलिसांका दिसले असते तर तुका कित्याक इचारतंय?”

मागून आईचा आवाज आला, “पयली ती जेवली काय ता इचारा.”

“जेवली असतली. सरकार घालता तिका जेवक,” आबा म्हणाले आणि पुन्हा मुद्द्यावर आले.

लायटवाले म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींवरचे लोक. काळोख पडला की हे भर समुद्रात डोळे दिपवणारे दिवे पेटवतात. लांबलांबची मासळी उजेडाला गोळा होते आणि मग खालून जाळं आवळून पिल्लांसकट सगळी उपसून नेतात. असं करायला बंदी आहे. बोट कुठे आहे हे सरकारला कळवणारं एक यंत्रही प्रत्येक बोटीवर बसवलेलं असतं. पण ही मंडळी ते यंत्र काढून बंदरात उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या बोटीवर ठेवत आणि निर्धास्त बाहेर पडत. सरकारी पडद्यावर बोट बंदरात झोपलेली, आणि प्रत्यक्षात आमच्या दारात.

गेल्या पंधरवड्यात अशाच एका बोटीने आबांचं पाण्यात टाकलेलं जाळं मधोमध फाडत नेलं होतं. आबा ओरडले तेव्हा त्या बोटीवरून कुणीतरी हसलं. जाळं गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं असतं, पण ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

“बगतंय मी,” मी म्हटलं.

“नुसता बगू नको. फोटो काड.”

वर जाण्याआधी मला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. तिथून पृथ्वी पाहिली की माणूस बदलतो म्हणे. देशांच्या रेषा दिसत नाहीत, भांडणं क्षुल्लक वाटायला लागतात, डोळ्यांत पाणी येतं. माझ्या डोळ्यांत पहिले दोन दिवस पाणी आलं खरं, पण ते ओकाऱ्यांनी. तिसऱ्या दिवशी पोट जागेवर आलं आणि मी खिडकीपाशी गेले. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? खालून काळोखी बाजू सरकत होती आणि कोकणच्या किनाऱ्याची बारीक सोनेरी कड दिसत होती. त्या कडेच्या पलीकडे, जिथे नुसता काळा समुद्र असायला हवा, तिथे हिरवट पांढऱ्या ठिपक्यांची रांग होती. मी मालवणीत एक शिवी हासडली. माणूस बदलण्याचा माझा पहिला अनुभव तो एवढाच.

स्थानकावर आम्हा सहा जणांत एक रिवाज होता. ज्याचं घर खालून जाणार असेल त्याला तेवढी पाच-सात मिनिटं मोठी खिडकी मोकळी करून द्यायची. कुणी तो नियम लिहून ठेवला नव्हता, पण काम अर्धवट टाकूनसुद्धा लोक बाजूला होत आणि तेवढा वेळ त्या माणसाशी बोलतही नसत. मार्ता चिलीच्या दक्षिणेकडच्या एका गावची. तिचं गाव आलं की ती खिडकीच्या काचेला कपाळ लावून गप्प राहायची. मी मात्र माझी पाळी आली की कॅमेऱ्याची लांब नळी काढायचे, रोख धरायचे आणि खटाखट फोटो घ्यायचे.

चार-पाच दिवस मार्ताने हे पाहिलं. मग एकदा माझी पाळी संपल्यावर म्हणाली, “हर्षाली, एक विचारू? तुझं घर त्या किनाऱ्यावर आहे ना?”

“हो.”

“मग तू सगळा वेळ समुद्राचेच फोटो का घेतेस?”

मी तिला लायटवाल्यांची सगळी कहाणी सांगितली. जाळ्याची आणि त्या हसण्याचीही. तिने नीट ऐकून घेतलं.

“आणि हे फोटो तुझ्या वडिलांना मिळाले की ते काय करणार?”

“ते आणि त्यांची माणसं बघून घेतील.”

“बघून घेतील म्हणजे?”

खरं म्हणजे मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. पुढच्या फोनवर आबांनी सांगितलं. “गावान ठरयलेला हा. रयवारी वीस होडये घेवन जातलव. एका बोटीक घेरून पेटवन देतलव. एक जळली काय बाकीचे इसरतले माडवेळची वाट.”

“आणि तिच्यारची माणसा?”

“उडये मारतली. दर्यात रवतत, पवाक येयत नसतला?”

“आबा, जेलात जाशात.”

“जातलंय. थय मासळी तरी मेळतली.”

मी फोटो पाठवायचं कबूल केलं. मला तेव्हा त्यात फार काही वावगं वाटलं नाही. ज्या मासळीवर माझं शिक्षण झालं, धाकट्या काकांचं घर उभं राहिलं, ती हे लोक एका हिसक्यात उपसून नेत होते. मार्ताला मी पेटवायचं काही सांगितलं नाही. आमच्या घरची भांडणं चिलीपर्यंत कशाला न्यायची?

रविवार यायच्या आधी वादळ आलं. ऑक्टोबर महिना होता. समुद्रात कमी दाबाचा पट्टा आधीपासून होताच, तो एका दिवसात फुगला. मी वरून पाहिलं तर पांढऱ्या ढगांची भली मोठी भिंगरी हळूहळू किनाऱ्याकडे सरकत होती. वरून वादळ आवाज करत नाही, त्यामुळे ते फार सज्जन दिसतं. खाली बंदरात इशाऱ्याचे बावटे चढले होते आणि होड्या वाळूवर ओढून घेतल्या होत्या, असं आईने कळवलं होतं.

त्या दिवशी आमच्या घड्याळात दुपार होती आणि कोकणात नुकतीच दिवेलागण झाली होती. माझी पाळी आली. मी सवयीने नळी रोखली. ढगांना मध्ये मध्ये फटी होत्या. रोजची रांग नव्हती. लायटवालेही शेवटी जीव असलेलीच माणसं, तीही पळाली होती. मी कॅमेरा खाली घेणार तेवढ्यात एका फटीतून एक ठिपका दिसला. मच्छरदाणीत दिवा लावावा तसा पसरट, अंधूक. एकटाच.

मी आदल्या दिवशीचा फोटो काढून शेजारी धरला. कालची सगळी रांग खोल पाण्यात होती. आजचा हा दिवा बराच आत, किनाऱ्याच्या बाजूला होता. त्या बाजूला पाण्याखाली म्हातारीचे खडक आहेत. वारा असा सुटलेला असताना कुणी शहाणा माणूस तिकडे स्वतःहून जात नाही. म्हणजे इंजिन बंद पडलं होतं, दिव्यांचा जनरेटर तेवढा चालू होता आणि वारा त्यांना खडकांवर नेत होता.

मी लगेच आमच्या नियंत्रण केंद्राला कळवलं. त्यांनी तत्परतेने खाली तटरक्षक दलाला कळवलं. थोड्याच वेळात उत्तर आलं. त्या भागातल्या सगळ्या बोटी बंदरात परतल्याची नोंद आहे, यंत्रांवरून खात्री केली आहे. मोठं जहाज उत्तरेकडे दुसऱ्या बोटीच्या मदतीला गेलं आहे, ते मोकळं झालं की इकडे पाहणी करेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पडद्यावर ती बोट खरोखरच बंदरात होती.

मी घरी फोन लावला.

“आबा, एक लायटवाली बोट भायर रवली हा.”

“या वाऱ्यात?” आबांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, कारण तिकडे माड घोंघावत होते. “खय?”

“म्हातारीच्या खडकांच्या वायच पलीकडे. इंजिन बंद पडला असतला. खडकांकडेन जातत ते.”

“सरकाराक सांग.”

“सांगलंय. ते म्हणतत थय बोटच नाय. यंत्र बंदरात आसा.”

आबा हसले. “घेवा. लपाक गेले नि खरेच लपले.”

मग त्यांनी विचारलं, “माजा जाळा फाडल्यानी तीच काय गो?”

“वयसून नाव दिसणा नाय, आबा. दिवो तेवडो दिसता.”

“मगे माका कित्या सांगतंस? रयवारी आमी जाळूक जातलव होतो, आज दर्याच बुडयता. आमचा रॉकेल वाचला.”

उपदेश आबांनी ऐकला नसता. मी खिडकीत जे केलं होतं तेच सांगितलं.

“आबा, मी आता काचेर बोट धरून बगितलंय. सगळो दर्या काळो हा. तेच्यात दोनच उजेड. एक माडवेळचो नि एक तेंचो. मदी माज्या नखाएवडा अंतर आसा.”

“नखाएवडा? अगो, या वाऱ्यात तासाभराचा हा ता.”

“असात. माका नखाएवडाच दिसता.”

मग आबा बोलले ते माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं. “आट-नव माणसा असतली. तेंच्यात पोरगेच जास्त. खयखयसून आणतत तेंका, डोंगरातसून. अर्द्यांका पवाकसुद्धा येना नाय.”

“आबा—”

फोन तुटला. तिथे असंच होतं. दुवा साधणारा उपग्रह आड गेला की बोलणं मध्येच तुटतं आणि मग वाट पाहायची. पुन्हा दुवा जुळला तेव्हा फोन आईने उचलला.

“ते गेले,” आई म्हणाली.

“खय?”

“खय म्हणजे? तू सांगलंस थय. चार होडये घेवन. सांगाक गेलंय तर माज्याच आंगार येतत. आणि तू गो चेडवा, वयसून असले फोन करतंस? तुजो बापूस चौसष्ट वर्सांचो हा, इसारलंस?”

आबा जातील असं मला वाटलंच नव्हतं, आणि मी त्यांना फोन केला तो त्यांनी जावं म्हणूनच, हेही तितकंच खरं होतं.

“आता एक कर,” आई म्हणाली. “वयसून तेंच्यार लक्ष ठेव. तेवडा तरी कर.”

मी हो म्हटलं. मनातून मला माहीत होतं की त्या ‘हो’ला काही अर्थ नाही. आमच्या होडीवर कंदिलाएवढा दिवा असतो. तो किनाऱ्यावरून मैलभर दिसला तरी नशीब, वरून कुठला दिसायला?

पुढची फेरी यायला अजून तासाहून जास्त वेळ होता. तो मी कसा काढला ते विचारू नका. मार्ताने माझ्या हातातलं काम काढून दुसऱ्याला दिलं आणि पिशवीतला गरम चहा माझ्या हातात कोंबला. मग मी तिला सगळं सांगितलं, या वेळी पेटवायच्या बेतासकट. ती रागावेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “आमच्याकडेही समुद्रावरून भांडणं होतात. माझा भाऊ चार वर्षं शेजाऱ्याशी बोलला नाही.”

“मग बोलायला लागला?”

“नाही. शेजारी मेला.”

पाळी आली तेव्हा सगळे नेहमीप्रमाणे बाजूला झाले. मी मार्ताचा दंड धरला आणि तिला माझ्यासोबत खिडकीत ओढलं. रिवाज मोडत होते, पण एकटीने बघायची माझी छातीच नव्हती.

ढग दाट झाले होते. आधी काहीच दिसेना. मग एक फट आली आणि तो दिवा दिसला. खडकांच्या आणखी जवळ गेला होता, पण जळत होता. आणि त्याच फटीत, थोड्याच अंतरावर माडवेळच्या बाजूला, मला दुसरा दिवा दिसला. तसाच हिरवट पांढरा, तसाच झगझगीत.

“हा कुठून आला?” मार्ता म्हणाली. “तुझ्या लोकांचा?”

“नाही. आमच्याकडे असले दिवे नसतात. तो आणखी एक लायटवाला.”

मी नळी स्थिर धरली. आमचा वेग एवढा की खालचं सगळं सरकत जातं, तरी बारकाईने पाहिलं तर दोन दिव्यांमधलं अंतर कळत होतं. ते कमी होत होतं. दुसरा दिवा पहिल्याकडे जात होता. सगळे पळालेल्या समुद्रात, कुणीतरी उलट्या दिशेने निघालं होतं.

मला जे वाटलं ते सांगते. एवढे दिवस ज्या ठिपक्यांना मी शिव्या घातल्या, त्यांतल्याच एका ठिपक्यासाठी मी हात जोडले. आबा मला दिसत नव्हते. ते त्या काळोखात कुठेतरी कंदिलाच्या उजेडात असणार होते. दिसत होता तो फक्त हा कोण कुठला लायटवाला, आणि मी त्याला मनातून म्हणत होते, बाबा रे, पोच. त्यांच्यापर्यंत पोच, आणि वाटेत माझे वडील भेटले तर त्यांनाही घे. त्याचं गाव, त्याचा मालक, त्याने कुणाचं जाळं फाडलं, यातलं मला काही नको होतं. दिव्याखाली माणूस होता आणि तो माणसांकडे चालला होता, एवढंच मला दिसत होतं. सगळे जे सांगत होते की वरून बघितल्यावर माणूस बदलतो, ते बहुधा हेच असावं. पण मला ते आपोआप झालं नाही, त्यासाठी आबांना पाण्यात जावं लागलं.

दोन्ही दिवे इतके जवळ आले की नळीतूनही एकच दिसायला लागले. मग वरून ढग आला आणि आमची खिडकी पुढे निघून गेली.

त्यानंतर दुवा जुळला तेव्हा आईने पहिल्याच घंटीला फोन उचलला. “इले,” ती म्हणाली. “सगळे इले.” मग ती रडायला लागली, आणि इकडे मीही. तिथे रडलं की पाणी गालावरून ओघळत नाही, डोळ्यापाशीच त्याचा गोळा होऊन बसतो. मार्ताने रुमालाने तो टिपून घेतला.

लायटवाल्यांची बोट खडकांवर फुटली, पण त्याआधी तिच्यावरची नऊही माणसं आबांच्या लोकांनी उतरवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी वारा पडला तरी ती माणसं दोन दिवस माडवेळलाच राहिली. रविवारी गावच्या कुठल्याच होड्या पाण्यात गेल्या नाहीत. रविवारी गावातल्या बायका नऊ उपऱ्यांसाठी भात शिजवत होत्या. आबांचं जाळं आपण फाडलं नाही असं त्या बोटीचा तांडेल शपथेवर सांगत होता आणि आबांचा त्यावर अजिबात विश्वास नव्हता. दोघं पंक्तीला शेजारीशेजारी बसून त्यावर भांडले. लायटवाले त्यानंतरही आले, अजून येतात. गाव त्यांच्याविरुद्ध तक्रारी देतं, मोर्चे काढतं. पेटवायची भाषा मात्र आबांच्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही.

आठवडाभराने आबा स्वतः फोनवर आले. घसा बसलेला होता.

“काय गो, बगितलंस मा माका थयसून?” त्यांनी विचारलं. नाही म्हटलं तरी आवाजात ऐट होती.

“खय दिसतलास? तुमचो दिवो केवडो! माका दोन लायटवाले दिसले.”

“दोन नाय. एकच होतो. बाकीचे सगळे पळालेले.”

“दोन होते, आबा. माज्याकडे फोटो हा. एक खडकांकडे नि दुसरो माडवेळकडसून इलो. तोच दुसरो पयलो पोचलो थय.”

मागे आई हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

“आबा?”

“तो आमी होतो,” आबा म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी, अगदी नाइलाजाने, सांगितलं. चार वर्षांपूर्वी गावाने पकडलेल्या एका बोटीवरचे दिवे आणि जनरेटर मच्छीमार सोसायटीच्या खोलीत कुलूपबंद पडून होते. त्या संध्याकाळी आबांनी कुलूप फोडलं आणि ते सगळं आपल्या होडीवर चढवलं. एवढ्या पावसात कंदील घेऊन गेलो असतो तर ते आम्हाला दिसले असते, पण आम्ही त्यांना दिसलो नसतो, असं त्यांचं म्हणणं. बुडणाऱ्याला कुणी येतंय हे दिसायला नको का?

“म्हणजे आबा,” मी म्हटलं, “तुमीपण लायटवाले.”

“हळू बोल,” आबा म्हणाले. “आणि ह्या कोणाक सांगा नको. मी जिवंत असासर तरी.”

मी शब्द दिला आणि पाळला. तो फोटो मी शाळाशाळांतून दाखवला, दोन ठिपक्यांतला आपला कुठला असं मुलांनी कितीदा विचारलं, तरी बोलले नाही. गेल्या वैशाखात आबा गेले.